‘जेन एअर’: लोवुडच्या साथीतला उपरोध, कोणते उतारे घेऊ?

मृण्मयी
आमच्या वाचनगटात या वेळी शार्लट ब्रॉन्टेची ‘जेन एअर’ (१८४७) आहे. मला लोवुडच्या मुलींच्या निवासी शाळेवर आणि तिथल्या टायफस तापाच्या साथीवर बोलायचंय, उपरोधाच्या अंगाने. वेळ थोडा आहे. कोणते उतारे घेऊ?

कावेरी
सातवं प्रकरण घ्याच. करपलेल्या लापशीऐवजी मुलींना पाव-चीज दिलं म्हणून शाळेचा कारभारी ब्रॉकलहर्स्ट मुख्य शिक्षिका मिस टेंपलना सुनावतो. एका मुलीचे केस जन्मतःच कुरळे, तेही कापा म्हणतो. तेवढ्यात त्याची बायको आणि मुली मखमल, रेशीम, फर लेवून हजर! बायकोच्या कपाळावर तर खोट्या बटा. मोठ्याने वाचलंत तरी पुरे.

दूर्वांकुर
तो उतारा रंगतो खराच, पण त्यावर फार वेळ घालवू नका. ढोंगी माणूस उघडा पडला की विषय संपतो. नववं प्रकरण त्याहून खोल आहे. अर्धपोटी राहून, सर्दी-पडसं अंगावर काढून ८० पैकी ४५ मुली एकाच वेळी अंथरुणाला खिळतात. आणि धडधाकट मुलींची चंगळ होते! अभ्यास नाही, धाक नाही, दिवसभर रानात भटकायचं. खाष्ट हाउसकीपर संसर्गाला भिऊन निघून गेलेली, खाणारी तोंडं कमी, म्हणून वाडगे एकदाचे नीट भरलेले. सोबतच्या मुली मरताहेत म्हणून तिथेच शिकणाऱ्या जेनच्या पोटाला मिळतंय, आणि ती ओढ्यातल्या दगडावर बसून आनंदाने जेवते. तिला त्याबद्दल कुणी बोल लावत नाही, लेखिकाही नाही.

त्यातच जेनची मैत्रीण हेलन बर्न्स. तिला टायफस नाही, क्षय आहे. क्षय म्हणजे काहीतरी किरकोळ, वेळ दिला आणि काळजी घेतली की बरं होणारं, असं पोरसवदा जेनला वाटतं. वाचकाला पुढचं दिसत असतं. ते वाक्य अजिबात गाळू नका, दर वेळी माझ्या पोटात तुटतं.

मृण्मयी
अगदी हेच हवं होतं! लेखिकेच्या बहिणींचा उल्लेख करू का?

दूर्वांकुर
करा, पण उतारे वाचून झाल्यावर. मारिया आणि एलिझाबेथ या तिच्या थोरल्या बहिणी, लोवुड जिच्यावर बेतलंय त्या कोवन ब्रिजच्या शाळेतून आजारी होऊन घरी आल्या आणि १८२५ च्या मे-जूनमध्ये क्षयाने गेल्या. एक ११ वर्षांची, दुसरी १०. हे आधीच सांगितलंत तर सगळे शार्लटचाच विचार करत बसतील आणि जेनची ती भाबडी समजूत कुणाच्या ध्यानात येणार नाही.

कावेरी
पटलं. मग माझा उतारा थोडक्यात घ्या आणि साथीनंतरचं जोडा: इतक्या मुली गेल्यावर चौकशी होते, आणि तेव्हा कुठे शाळेला चांगली जागा, चांगलं जेवण मिळतं. दहाव्या प्रकरणाच्या सुरुवातीलाच आहे.