जानेवारीत पास झालेली रॅमची टायमिंग मे महिन्यात नापास होते का?

खसचा_कूलर (अकोला)

मशीन 2020 चं. रायझन 5 3600, बी450 बोर्ड, 8-8 जीबीच्या दोन स्टिक. एक्सएमपीवर (रॅम कंपनीने बसवून दिलेली सेटिंग) वेग 3200, टायमिंग म्हणजे रॅमच्या एकेका कामाला दिलेल्या घड्याळाच्या टिकटिका 16-18-18-36 (पहिला आकडा सीएल), 1.35 व्होल्ट. मी लग्नाचे फोटो-व्हिडिओ एडिट करतो. पौषात लग्नं नाहीत, हात रिकामे, म्हणून बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) शिरलो.

रॅमच्या चिप मायक्रॉनच्या ई-डाय जातीच्या निघाल्या. पंधरा दिवस रोज एकेक आकडा खाली आणत 3600, 16-19-16-36 वर पोचलो. एफसीएलके (प्रोसेसरच्या आतल्या जोडवाटेचा वेग) 1800, 1.38 व्होल्ट, टीआरएफसी (रॅमच्या रिफ्रेशला दिलेला वेळ) 500. मधे सीएल 15 पण लावला होता. गिअर डाऊन मोड (यात सीएल सम आकडाच चालतो) चालू असल्यामुळे बोर्डाने तो गुपचूप 16 करून घेतला आणि मी दोन दिवस ‘15 वर चालतंय’ म्हणून मिशीला पीळ देत होतो! झेनटायमिंग्स (खरे आकडे दाखवणारा प्रोग्रॅम) उघडल्यावर कळलं. दोनदा तर पीसी सुरूच होईना, सेल काढून सीमॉस (बायोसची साठवलेली सेटिंग) रीसेट करावा लागला.

फायदा काय झाला? एडा64 या मोजणीच्या प्रोग्रॅममध्ये लेटन्सी (रॅमला उत्तर द्यायला लागणारा वेळ) 74.6 वरून 67.1 नॅनोसेकंद. रीड सेकंदाला 47 जीबीवरून 53. राईट 28.7 वर अडकलं, पण ते अडकणारच. या 3600 ला राईटची वाट अर्धीच दिलेली आहे, 1800 गुणिले 16 बाइट म्हणजे 28.8 जीबी, त्यापुढे टायमिंग काय करणार. हळदीच्या अर्ध्या तासाच्या व्हिडिओचा एक्स्पोर्ट 22 मिनिटं 40 सेकंदांवरून 22:05. पस्तीस सेकंदांसाठी पंधरा दिवस. घरी सांगितलं नाही.

तेव्हा रॅम तपासणाऱ्या टेस्टमेम5 चे तीन फेरे आणि रात्रभर मेमटेस्ट86, एकही एरर नव्हता. चार महिने सुरळीत गेले. आता पंधरवड्यात तीनदा 7-झिपने सीआरसी एरर (फाइलमधला डेटा बिघडल्याची खूण) दिला आणि एका फोटोचा खालचा अर्धा भाग गुलाबी झाला. निळा स्क्रीन एकदाही नाही. डिस्क तपासली, ठीक आहे. रात्री परत टेस्टमेम5 लावलं, पास! आधी काय सैल करू? सीएल?

सिंहगडरोड

सीएलला हात लावू नका. रात्री टेस्ट लावता, तिथेच घोळ आहे.

रॅममधला एकेक बिट म्हणजे पाझरणारा माठ समजा. 64 मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक ओळ पुन्हा भरावी लागते, त्यासाठी साधारण दर 7.8 मायक्रोसेकंदाला रिफ्रेश सुटतो. तो एक रिफ्रेश उरकायला किती वेळ द्यायचा, ते टीआरएफसी. तुमच्या 500 टिकटिका म्हणजे 1800 मेगाहर्ट्झने भागून 278 नॅनोसेकंद. 8 गिगाबिटच्या चिपला प्रमाणित वेळ 350 आहे. थंडीत माठ पाऊण भरला तरी पुढच्या खेपेपर्यंत पाणी पुरतं. मे महिन्यात पाझर वाढतो आणि एखादा माठ मधेच कोरडा पडतो. म्हणून क्रॅश नाही, नुसता एखादा बिट उलटतो.

560 करा, म्हणजे 311 नॅनोसेकंद. बाकी सगळं तसंच ठेवा, एका वेळी दोन आकडे हलवले तर दोषी कोण ते कधीच कळत नाही. आणि टेस्ट दुपारी तीनला, ग्राफिक्स कार्डवर लोड टाकून. कार्डाची गरम हवा थेट रॅमवर जाते, रिकाम्या मशीनवरच्या टेस्टला मी टेस्ट म्हणत नाही.

एक त्याहून महत्त्वाचं. एरर यायला लागल्यापासून जे कॉपी केलं, त्याचे हॅश (फाइलमधल्या डेटावरून काढलेला ठसा) मूळ मेमरी कार्डाशी ताडून घ्या. कार्डं फॉरमॅट केली असतील तर अवघड आहे.

मूर्तिजापूर_एक्स्प्रेस

भाऊ, 1.45 व्होल्ट देऊन टाक ना, काहून घाबरून राह्यला? एवढ्यानं काही जळत नाही.

सिंहगडरोड

जळणार नाही, पण ई-डायचा टीआरएफसी व्होल्टेज वाढवून खाली येत नाही. ते लाड सॅमसंगच्या बी-डायचे. इथे फक्त उष्णता वाढेल, म्हणजे ज्याचं दुखणं तेच वाढवायचं.

लेटन्सी_कशाला

पस्तीस सेकंद आणि गिऱ्हाइकाचे गुलाबी फोटो. एक्सएमपी लावा आणि झोपा.

खसचा_कूलर (अकोला)

झोपलो असतो, पण आता सापडलंय, ऐका.

माझ्या स्टिकमध्ये तापमानाचा सेन्सर नाही. कोरोनात घेतलेली कपाळाची थर्मामीटर-बंदूक रॅमवर धरली. तिने ‘हाय’ लिहिलं आणि गप्प बसली, ती 43 च्या पुढे मोजतच नाही. मग तिन्ही सीआरसी एररच्या वेळा काढल्या. तिन्ही दुपारच्या, तिन्ही वेळा लाईट गेलेली. लाईट गेली की पीसी इन्व्हर्टरवर चालतो आणि खोलीतला कूलर बंद पडतो. (खसचा कूलर. प्रोसेसरचा नव्हे.) बाहेर 44, आत भट्टी, आणि मी आपला एक्स्पोर्ट लावून आमरस खायला गेलेलो.

काल मुद्दाम कूलर बंद ठेवून, कार्डवर लोड टाकून 500 वर टेस्टमेम5 लावलं. अकराव्या मिनिटाला पहिला एरर, तोपर्यंत माझाच टीआरएफसी संपत आला होता. आज तसंच 560 वर. अडीच तास, शून्य. लेटन्सी 67.1 ची 67.8 झाली. एक्स्पोर्ट 22:06. म्हणजे 500 ने मला एक सेकंद दिला होता.

कॉपी करताना मूळ कार्डावरचे हॅश लिहून ठेवलेले होते, त्यांच्याशी ताडले. 4,312 फायलींपैकी 3 वेगळ्या. दोघींचं मूळ कार्डावर सापडलं. तिसरी मंगलाष्टकांच्या वेळची, ते कार्ड पुढच्या लग्नाला वापरून झालंय. फाइल उघडते, डोळ्यांना काही दिसत नाही, पण हॅश जुळत नाही. कुठला बिट उलटला देव जाणे. नवरीला सांगायचं का, यावर अजून विचार चालू आहे.

16-19-16 तसंच ठेवतोय. साइड पॅनल काढून रॅमसमोर 120 मिमीचा एक पंखा सुतळीने बांधलाय.

सिंहगडरोड

सुतळी पात्यात जाणार नाही एवढं बघा. फोटो चालेल.

मूर्तिजापूर_एक्स्प्रेस

पहिला पाऊस पडला की हा परत 500 करते, लिहून ठेवा.