ओरॅकल : महिनाअखेरीचा रिपोर्ट ओरा-०१५५५ देऊन पडतो, अनडू किती ठेवावा?

माणदेशी_डेटा
नमस्कार मंडळी. एका पतसंस्थेचा डेटाबेस सांभाळतो. ओरॅकल १९सी, स्टँडर्ड एडिशन २. महिनाअखेरीला रात्री ठेवींवर व्याज टाकणारी बॅच चालते आणि त्याच वेळी शिलकी यादीचा रिपोर्ट. हा रिपोर्ट चारेक तास चालतो आणि ऐन शेवटाला 'स्नॅपशॉट टू ओल्ड' म्हणून (हाच ओरा-०१५५५) पडतो. अलर्ट लॉगमध्ये क्वेरी ड्युरेशन १३,९८० सेकंद दिसतंय. अनडू टेबलस्पेस (बदलाआधीचा डेटा जपणारी जागा) १२ जीबी, ऑटोएक्स्टेंड (जागा आपोआप वाढणं) बंद. अनडू_रिटेन्शन (अनडू किती सेकंद जपायचा ते) ९०० होतं, ते १४,४०० केलं तरी काडीचा फरक नाही. सॉफ्टवेअर पुरवणारे म्हणतात, "बॅचमध्ये दर हजार ओळींना कमिट (बदल कायम करणं) टाकतो, अनडू कमी लागेल." हो म्हणू का? सकाळी यादी नसली की शाखाधिकारी खोळंबतात.

रातपाळी
हो म्हणू नका, कळकळीने सांगतोय. रिपोर्ट रात्री अकराला सुरू झाला तर त्याला शेवटपर्यंत अकराचाच डेटा दिसायला हवा. मधल्या काळात बदललेल्या ओळींची जुनी रूपं तो अनडूतून उचलतो. व्यवहार चालू असेपर्यंत त्याचा अनडू 'अ‍ॅक्टिव्ह' असतो, त्याला कुणी हात लावू शकत नाही. कमिट झालं की तो आधी 'अनएक्स्पायर्ड' आणि मग 'एक्स्पायर्ड' होतो. जागेची ओढाताण असेल तर अनएक्स्पायर्डवरही नवं लिहिलं जातं. म्हणजे वारंवार कमिट केल्याने रिपोर्टला लागणारा अनडू उलट लवकर पुसला जाणार. आणि बॅच स्वतःच खातेटेबलावर कर्सर (ओळी एकेक करून वाचणारी क्वेरी) उघडून, त्याच टेबलात अपडेट करत मधेमधे कमिट करणार असेल तर ती बसल्या फांदीवर कुऱ्हाड चालवतेय. आज रिपोर्ट पडतो, उद्या बॅच पडेल.

दुसरा धोका हिशेबाचा. बॅच मधेच थांबली तर निम्म्या खात्यांवर व्याज पडलेलं, निम्म्यांवर नाही. पुन्हा चालवायची कुठून? कमिट तिथेच हवं जिथे कामाचा एक तुकडा खरोखर पूर्ण होतो. तुमच्याकडे तो तुकडा म्हणजे शाखा. एका शाखेचं व्याज टाका, नियंत्रण टेबलात 'झाली' अशी नोंद त्याच व्यवहारात करा, कमिट करा, मग पुढच्या शाखेसाठी नवा कर्सर उघडा.

रिटेन्शन वाढवून फरक का पडला नाही? टेबलस्पेस ठरावीक आकाराची असली की ओरॅकल ते पॅरामीटर बघतच नाही. आहे त्या जागेत जितका वेळ जमेल तितका तो स्वतः ठरवतो. रिटेन्शन गॅरंटी (मुदतीआधी अनडू पुसायचाच नाही अशी सक्ती) लावली तर बघतो, पण १२ जीबीवर गॅरंटी लावाल तर रिपोर्ट वाचेल आणि बॅच ओरा-३००३६ (अनडूला जागा उरली नाही) देऊन पडेल. आधी जागा वाढवा.

कोकणकडा
रातपाळींशी सहमत. जागा किती, त्याचा हिशेब सोपा आहे. व्ही$अनडूस्टॅट या अनडूच्या आकडेवारीच्या व्ह्यूमध्ये दर १० मिनिटांची एक ओळ असते. बॅचच्या रात्रीच्या ओळींत अनडूब्लॉक्सचा सर्वांत मोठा आकडा बघा. समजा ९६,००० आला. ६०० सेकंदांनी भागलं की सेकंदाला १६० ब्लॉक. ८ केबीचा ब्लॉक धरून सेकंदाला १.२५ एमबी. चार तास म्हणजे १४,४०० सेकंद, म्हणजे १८,००० एमबी. वर थोडी मोकळीक धरून मी २२ जीबी ठेवेन. ८ केबी ब्लॉकची साधी डेटाफाइल ३२ जीबीच्या आसपास जाते, तेव्हा एकच फाइल पुरेल. अनएक्सपीस्टीलकाउंट हा कॉलमही बघा. तो शून्याच्या वर असेल तर अनएक्स्पायर्ड अनडू ओरबाडायचा प्रयत्न होतोय हे नक्की.

पोस्टग्रेसवाली
थोडं अवांतर. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये असा वेगळा अनडू नसतो, जुन्या ओळी टेबलातच राहतात. तिथे व्यवहार उघडा ठेवून निवांत बसलेलं एक सेशनही व्हॅक्यूमला (जुन्या ओळींच्या साफसफाईला) अडवतं आणि टेबल फुगत जातं. आमच्याकडे त्यासाठी आयडल_इन_ट्रान्झॅक्शन_सेशन_टाइमआउट लावलेला आहे.

माणदेशी_डेटा
खूप आभार. अजून एक. ऑडिट टेबलातल्या जुन्या ओळी एका डिलीटने काढायला घेतल्या होत्या. तीन तासांनी कुणीतरी सेशन मारलं आणि रोलबॅक (केलेले बदल मागे घेणं) संपता संपेना. डेटाबेस रीस्टार्ट केला असता तर सुटलो असतो का?

रातपाळी
नाही. रीस्टार्टनंतरही तो रोलबॅक पुराच करावा लागतो, वर डेटाबेस बंद ठेवल्याचा वेळ वाया. व्ही$ट्रान्झॅक्शनमध्ये यूज्ड_यूरेक (व्यवहाराच्या अनडू नोंदींची संख्या) बघा, मिनिटाभराने पुन्हा बघा. जेवढा उतरला त्यावरून किती वेळ राहिला ते कळतं आणि वरिष्ठांना सांगायला एक आकडा हातात येतो.

डिलीटला अनडू सर्वांत जास्त लागतो, कारण अख्खी ओळ जपावी लागते, शिवाय इंडेक्सच्या नोंदी. पार्टिशनिंग (टेबलाचे वेगळे काढता येणारे भाग) तुमच्या एडिशनमध्ये नाही. टेबलातलं बहुतेक काढायचं असेल तर ठेवायच्या ओळी नव्या टेबलात घ्या आणि नावं बदला. मात्र इंडेक्स, ग्रँट, ट्रिगर, कन्स्ट्रेंट नव्याने द्यावे लागतील, त्यांची यादी आधीच काढून ठेवा. थोडंच काढायचं असेल तर महिन्यामहिन्याने डिलीट आणि कमिट. इथे तुकडे चालतात, कारण अर्धवट राहिलं तरी हिशेब बिघडत नाही.

माणदेशी_डेटा
व्ही$अनडूस्टॅट आत्ता उघडला, बॅचच्या रात्रीच्या ओळीच नाहीत.

कोकणकडा
त्यात चारच दिवसांच्या ओळी राहतात, एकूण ५७६. जुना इतिहास एडब्ल्यूआरमध्ये (ओरॅकलच्या कामगिरीच्या नोंदींच्या साठ्यात) असतो, पण त्याला डायग्नोस्टिक्स पॅकचं लायसन लागतं आणि ते स्टँडर्डवर मिळत नाही. साधं टेबल करा आणि बॅच संपली की व्ही$अनडूस्टॅटच्या ओळी त्यात टाकणारा जॉब लावा. या महिनाअखेरीपुरती फाइल २४ जीबी करून ठेवा. खरे आकडे आले की इथेच टाका, मिळून बघू.