मदत हवी आहे: फुटबॉलमध्ये मागच्या चौघा बचावपटूंचा मेळ कसा बसवायचा?

मंडळी, परभणीजवळच्या गावात १७ वर्षांखालच्या पोरांची फुटबॉल टीम सांभाळतो. पुढची पोरं चपळ आहेत, गोल मारतात. मागं मात्र आनंदीआनंद. गोल बसला की एकमेकांकडं बोट! "सर, तो माझा माणूस नव्हता." मग कुणाचा होता रे बाबा?

कॉर्नरला कुणी कुणाला धरायचं हे कागदावर लिहून देतो, पाच मिनिटांत विसरतात. ऑफसाइडसाठी (समोरचा आमच्या बॅकच्या ओळीमागं अडकावा म्हणून) तिघं पुढं सरकतात, चौथा मागंच रेंगाळतो आणि समोरचा आरामात ऑनसाइड.

इटलीच्या एसी मिलान क्लबनं १९९३-९४ च्या लीगमध्ये ३४ सामन्यांत फक्त १५ गोल खाल्ले. तिथं बचावात तरुण मालदिनीच्या शेजारी अनुभवी बारेसी होता. आमच्याकडं एक जुना स्टॉपर (मधला बचावपटू) आहे, कधीमधी येतो, पण नुसता ओरडतो. त्याच्यावर एकेक लहान पोरगं सोपवून बघावं का? का आधी त्यालाच शिकवावं लागेल?

आणि चूक झाली की तुम्ही काय करता, मैदानाला फेऱ्या की बसवून बोलणं? फेऱ्यांनी पोरं चूक लपवायला शिकली, हा माझा अनुभव.

उन्हामुळं सराव सकाळी सहा ते साडेसात एवढाच. त्यात बॅकच्या पोरांना वेगळा वेळ किती द्यावा?