मदत हवी आहे: अळीचे काटे गेले, आजारी आहे का?

अधीर_श्टुटगार्ट: बीच नावाच्या झाडांच्या जंगलातल्या हिरव्या अळ्या डब्यात ठेवल्यात. काल लांब काटे होते, आज दोघींचे गायब! तिसरी खात नाही. काय करू? लवकर सांगा.

पानकिडा: कुठल्या पतंगाची अळी? काटे किती, कुठे? पाला कसला? डबा बंद आहे का? फोटो उघडत नाहीये.

अधीर_श्टुटगार्ट: पाच. चार डोक्यामागे, एक शेपटीकडे, लाल-पांढरे. पाला बीचचाच, आणखी कसला देणार? झाकण लावलंय, पळतील ना.

कोषागार: मग ही आग्लिया टाउ. आजारी नाही. शेवटची कात टाकताना काटे जातातच, पुढे अंगावर तिरपे फिके पट्टे राहतात. न खाणारी बहुधा कातीवर आली आहे. तिला फांदीवरून ओढू नका. पाय रेशमात रोवलेले असतात, सुटले तर कात अर्धी अडकते आणि अळी मरते. खरा धोका झाकणाचा. आत पाणी सुटतं, विष्ठेला बुरशी येते. जाळीचा पिंजरा घ्या, फांदी पाण्याच्या बाटलीत खोचा, बाटलीचं तोंड कापसाने बंद करा. नाहीतर अळ्या देठावरून उतरून बुडतात.

ओकप्रेमी: ओकचा पाला द्या, तोही चालतो.

कोषागार: अंड्यापासून दिला तर. आता बदललात तर तोंड लावणार नाहीत.

वैनगंगा: आपल्या भंडाऱ्याचा टसर रेशमाचा किडाही याच कुळातला, ऐन-अर्जुनाच्या झाडांवर वाढतो. या अळीचं रेशीम निघेल का?

पानकिडा: नाही हो. जमिनीवर पालापाचोळ्यात विरळ जाळं विणते, सूत कुठलं! त्यावरून आठवलं, तळाला शेवाळ आणि सुकी पानं घाला.

ओकप्रेमी: आणि कोष झाले की हिवाळाभर फ्रीजमध्ये.

कोषागार: फ्रीजच्या कोरड्या हवेत कोष वाळतात. सावलीतली बाल्कनी बरी, अधूनमधून हलका फवारा. गरम खोलीत मात्र नको, पतंग अवेळी बाहेर येतो.

अधीर_श्टुटगार्ट: म्हणजे पतंग या वर्षी नाही?! आणि नर-मादी कशी ओळखू? पतंगाला साखरपाणी लागेल?

पानकिडा: वर्षाला एकच पिढी, पुढच्या एप्रिल-मेमध्ये बघा. नर नारिंगी, मिशा पिसासारख्या, भरदिवसा उडतो. मादी मोठी, फिकट, बहुतेक वेळ बसून. चारही पंखांवर निळ्या-काळ्या डोळ्यात पांढरा इंग्रजी T असतो. साखरपाणी नको, पतंग काही खातच नाही. झाकण काढलंत का?