गुडघे दुखणाऱ्या आईला मुंबईतच डोंगरातली झाडं दाखवायची आहेत, कुठे नेऊ?

मुलुंडची लेक
नमस्कार मंडळी. आई ७१ वर्षांची आहे. सगळं आयुष्य संगमेश्वरकडच्या आमच्या गावात गेलं. बाबा गेल्यावर दीड वर्षापूर्वी मी तिला मुलुंडला आणलं. अकरावा मजला, खाली पेव्हर ब्लॉक. तक्रार कशाचीच करत नाही, पण पावसाळा लागल्यापासून गप्प गप्प असते. मध्यंतरी भाजीवालीकडे टाकळ्याची जुडी दिसली. आईने ती नाकाशी धरली आणि म्हणाली, "आठ दिवस उशिरा खुडलीय गं, निबर झालाय." घरी येईपर्यंत तेवढंच बोलली.

दरवर्षी गौरी-गणपतीला गावी जातो. यंदा एवढा प्रवास नको असं डॉक्टरांनी सांगितलंय. म्हणून गणपतीच्या आत तिला इथेच कुठेतरी डोंगरउतारावर न्यायचं आहे, तिच्या ओळखीची झाडं असतील तिथे. राणीबाग दाखवून झाली. सावली, जुने वृक्ष, सगळं आवडलं तिला. पण गोरखचिंचेचा तो प्रचंड बुंधा बघून म्हणाली, "ही परमुलखातली दिसते." आणि खरंच, आफ्रिकेतलंच झाड ते.

जुलैत एका ग्रुपबरोबर रानफेरीलाही गेलो होतो. नाव घेत नाही. चाळीसेक माणसं, पुढे काय सांगतायत ते मागे ऐकू येत नव्हतं, आणि कोणी थांबतही नव्हतं. शेवटी आम्ही दोघी एका दगडावर बसून राहिलो. "माझ्यापायी तुझा रविवार फुकट गेला" असं ती म्हणाली, ते मला अजून लागून राहिलंय. सावकाश हिंडता येईल अशी जागा सुचवा.

रानजाई
गोरेगाव पूर्वेला न्या. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं निसर्ग शिक्षण केंद्र आहे, फिल्मसिटीला लागून. सोसायटी १८८३ची, हे केंद्र १९९३पासूनचं. ३३ एकर डोंगर, राष्ट्रीय उद्यानाला भिडलेला. वाफे, कारंजी, कापलेली हिरवळ असली बाग डोळ्यांसमोर आणू नका. पानझडीचं रान आहे आणि त्यातून पायवाटा. आधी फोन करून नोंदणी केल्याशिवाय जाऊ नका. दोघीच येणार आहात आणि आईंच्या पायांचं काय आहे, तेही तेव्हाच सांगा.

मी कॉलेजात सत्तावीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं. मुलांना घेऊन डोंगरात गेले की आधी मुरुडशेंगेपाशी थांबायचे. या दिवसांत तिला फुलं आणि शेंगा दोन्ही मिळतात. ताजं फूल विटकरी लाल, शिळं झालं की शिशासारखं निळसर. एकाच फांदीवर दोन्ही रंग, त्यामुळे मुलांना वाटायचं दोन वेगळी फुलं आहेत. कोवळी शेंग हिरवी आणि दोरीसारखा पीळ घातलेली. वाळली की तीच बाळगुटीच्या सामानात येते. आईंनी तुम्हाला नक्की उगाळून दिली असणार. त्यांना झाडाचं नाव सांगू नका. शेंगेसमोर उभं करा आणि जरा गप्प राहा.

कारवी आठ वर्षांनी एकदा फुलते. आपल्याकडे २०१६ला फुलली, मग २०२४ला. म्हणजे आता २०३२. फुलून बी पडलं की जुनी झुडपं मरतात, त्यामुळे आता वाळक्या काठ्या आणि खाली नवी रोपं दिसतील. फुलं नाहीत म्हणून हळहळू नका. कारवीच्या काठ्यांवर शेणमातीचा गिलावा करून भिंती उभ्या राहायच्या, हे आईंना माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल.

आणि तेरडा! तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात खरं, पण उतारावर एकामागून एक फुलत तो पुरा महिनाभर असतो.

सुट्टीचा दिवस टाळा, सकाळी जा. दगडांना शेवाळ असतं, काठी हवीच. बिबट्याचा वावर आहे, तेव्हा उजाडण्याआधी किंवा संध्याकाळी त्या भागात रेंगाळायचं नाही. दिवाळीनंतर पुन्हा गेलात तर खाजकुइलीच्या मखमली शेंगांना हात लावू नका.

दहिसरकर
माझ्या वडिलांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्या अनुभवावरून सांगतो. मलबार हिलचा निसर्ग उन्नत मार्ग बघा. कमला नेहरू पार्कच्या मागच्या झाडीतून जातो, ४८५ मीटर, २०२५ला सुरू झाला. लाकडी फळ्या, दोन्ही बाजूंना कठडा, चिखलाचं नाव नाही. तिकीट २५ रुपये, वेळ ऑनलाइन ठरवून जायचं. वडील कठडा धरत धरत पूर्ण चालले. टोकाला गिरगाव चौपाटी दिसली तेव्हा लहान मुलासारखे हरखले होते.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीपर्यंत उद्यानाची बस मिळते. येताना थोडं अंतर डांबरी रस्त्याने पायी या, दोन्ही बाजूंना रानच आहे. सोमवारी बंद असतं. शिलोंड्याच्या वाटेला मात्र आईंना नेऊ नका, दगडधोंडे आणि ओढा आहे.

रानजाई
दहिसरकर, गुडघ्यांचा विचार केला तर तुमचं बरोबर आहे. पण तो मार्ग जमिनीपासून उंचावरून जातो, झुडपं खाली राहतात. ज्या बाईने टाकळ्याची जुडी नाकाशी धरली, तिला पान चुरडून वास घेता आला पाहिजे. शंभर पावलंच चालल्या तरी चालतील, पण मातीवर.

मुलुंडची लेक
काल जाऊन आलो! रानजाईताई, दहिसरकरदादा, दोघांचे मनापासून आभार. फोन करून नोंदणी केली, रिक्षाने आरेमधून गेलो. आम्हाला वाट दाखवायला तिथला एक मुलगा आला होता. दोन तासांत आम्ही किती चाललो असू? तीनशे पावलं, फार तर. तो मुलगा एकदाही "चला" म्हणाला नाही.

मुरुडशेंगेपाशी मी गप्प उभी राहिले, ताईंनी सांगितलं होतं तशी. आईने एक शेंग फांदीवरच दोन बोटांत धरून पीळ उलगडल्यासारखी फिरवली. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "तू चार महिने रात्रभर रडायचीस. हिचे दोन वेढे, वेखंडाचा एक." माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. त्यानंतर ती थांबेना. हा दिंडा, हा गेळा, हा कुडा बघ. कुड्याच्या जोडीनं लोंबणाऱ्या शेंगा बघून त्या मुलाला विचारते, "कोवळ्या असताना भाजी करता की नाही रे?" तो नाही म्हणाला, तर त्याला चिरण्यापासून फोडणीपर्यंत सगळी रीत सांगितली. त्याने ती मोबाइलमध्ये लिहून घेतली.

वरच्या वळणावर उतारभर तेरडा होता. गावी आमची गौर तेरड्याचीच असते, आई स्वतः डोंगरातून आणायची. मला वाटलं, आता मागणार. तिने एक फुगलेलं बोंड नुसतं दाबलं, ते टचकन फुटून बी तिच्या तळहातावर सांडलं. ते बी तिथेच मातीत टाकलं आणि म्हणाली, "इथलं तोडायचं नाही, कळतं मला. आपण दादरहून आणू." येताना रिक्षातून गावी काकूला फोन लावला आणि पवईपर्यंत तिला एकेक झाड सांगत होती.

आता एक शंका. एका झुडपावर चढलेल्या वेलीला आई "चाई" म्हणाली, हिच्या मोहोराची भाजी होते म्हणे. त्या मुलाला ते नाव माहीत नव्हतं. पाच पानांचा पंजा, बुडाशी बारीक काटे. ताई, ही कोणती वेल?

रानजाई
चाईच ती! कंदवर्गातली, शेंडवेलही म्हणतात. आईंनी अचूक ओळखली. मी तिचा मोहोर पुस्तकातल्या चित्रांत आणि वेलीवर पुष्कळ पाहिला, पण ताटात कधी आला नाही. तुमच्याकडे आधी उकडून घेतात की थेट कांद्यावर परततात? आईंना विचारून सविस्तर लिहा, खोबरं केव्हा घालायचं तेसुद्धा.