साडेसहा लाखांत वापरलेली सेदान : नाशिकमध्ये कोणती घ्यावी?

पाथर्डीकर :
नमस्कार. मी पाथर्डी फाट्याजवळ राहतो आणि नोकरीसाठी रोज अंबडच्या औद्योगिक वसाहतीत जातो. महिन्यातून एकदा आई-वडिलांना घेऊन पुण्याला जाणे होते. सध्याच्या छोट्या गाडीच्या मागच्या सीटवर इतका वेळ बसणे त्यांना आता जड जाते, म्हणून साडेसहा लाखांपर्यंत वापरलेली सेदान घेण्याचा विचार आहे. होंडा सिटी, मारुती सियाझ, ह्युंदाई व्हर्ना आणि फोक्सवॅगन व्हेंटो ही चार नावे डोळ्यांसमोर आहेत. वर्षाला साधारण 10,000 किलोमीटर वापर होईल. पेट्रोल घ्यावी की डिझेल, आणि खरेदीनंतर खर्च किती धरावा, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

सिन्नरफाटा :
आपला वापर पाहता पेट्रोलच घ्यावी. पेट्रोल 104 रुपये लिटर आणि ॲव्हरेज 14 धरले, तर वर्षाचे इंधन सुमारे 74,000 रुपयांचे होते. डिझेल 91 रुपये आणि ॲव्हरेज 19 धरल्यास तोच आकडा 48,000 च्या आसपास येतो. कागदावर हा फरक मोठा दिसतो; परंतु पाथर्डी फाटा ते अंबड एवढ्याशा अंतरात डिझेल इंजिन नीट तापतही नाही, आणि सात-आठ वर्षांच्या गाडीचा टर्बो किंवा इंजेक्टर एकदा बिघडला की वर्षाची बचत एका बिलात जाते. रोज सिन्नर-नाशिक करणाऱ्याला मी याच्या उलट सल्ला दिला असता.

विम्याचा मुद्दा बहुतेकांच्या लक्षात येत नाही. थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीच्या विम्याचा) हप्ता इंजिनाच्या क्षमतेवर ठरतो. 2022 च्या दरांनुसार 1000 ते 1500 सीसीसाठी तो 3,416 रुपये, तर 1500 च्या वर 7,897 रुपये आहे, आणि जीएसटी वेगळा. सिटी पेट्रोल 1497 सीसीची आणि 2018 नंतरची सियाझ 1462 सीसीची असल्याने त्या खालच्या गटात बसतात. 2017 ची 1.6 व्हर्ना मात्र 1591 सीसीची आहे, त्यामुळे केवळ या एका कारणाने जीएसटी धरून दरवर्षी पाच हजारांहून अधिक रुपये जास्त जातात. तसेच नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याचा दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिणारी सवलत, हा गाडीचा नसून मालकाचा असतो. विक्रेत्याच्या पॉलिसीवर 50 टक्के सवलत दिसली, तरी ती आपल्याला मिळणार नाही.

सियाझचे उत्पादन 2025 मध्ये थांबले, याची फार धास्ती घेऊ नये, कारण तेच 1.5 लिटर इंजिन अर्टिगा आणि ब्रेझा यांतही आल्यामुळे यांत्रिक सुटे भाग सहज मिळतात. दिवे, बंपर, आतील प्लास्टिक यांची अडचण पुढे जाणवू शकेल. 2018 नंतरच्या सियाझमध्ये स्मार्ट हायब्रिडसाठी (इंजिनाला विजेची थोडी मदत देणाऱ्या यंत्रणेसाठी) लहानशी लिथियम-आयन बॅटरीही असते. तिची स्थिती कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये तपासून घ्यावी.

गंगाघाट :
व्हेंटोबद्दल थोडक्यात सांगतो. सात गिअरची डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) असलेली गाडी चालवायला सुरेख आहे. पण तिचा ड्राय क्लच द्वारका चौकासारख्या रखडत चालणाऱ्या गर्दीत तापतो आणि मेकॅट्रॉनिक युनिटचे (गिअरबॉक्सच्या नियंत्रक भागाचे) काम अतिशय महाग पडते. वॉरंटी संपलेली अशी गाडी मी घेणार नाही. मॅन्युअल असेल तर विचार करण्यास हरकत नाही.

पेठरोड :
गाडीइतकेच कागद पाहावेत. शक्यतो एमएच-15 (नाशिक) पासिंगची आणि पहिल्याच मालकाची गाडी निवडावी. कर्जावर घेतलेली असेल, तर बँकेच्या ना हरकत प्रमाणपत्रासह फॉर्म 35 देऊन आरसीवरील बोजा उतरवल्याखेरीज पूर्ण रक्कम देऊ नये. नाव बदलण्यासाठी फॉर्म 29 आणि 30 लागतात. एजंट ‘नंतर करू’ म्हणाला, तरी ऐकू नये. थकलेली ई-चलने परिवहनच्या संकेतस्थळावर गाडीच्या क्रमांकावरून दिसतात.

2019 मध्ये सांगली-कोल्हापूर आणि 2021 मध्ये चिपळूण येथे पुरात बुडालेल्या गाड्या पुढे कोठे विकल्या गेल्या, हे कोणी सांगत नाही. म्हणून पासिंग कोठलेही असले, तरी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून मातीची रेघ पाहावी, स्टेपनीखालचा खळगा आणि कार्पेटखालचा पत्रा तपासावा. टायरवर चार आकडी खूण असते. 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. मीटरवर 30,000 किलोमीटर दिसत असताना चारही टायर एकदा बदललेले आढळले, तर मीटर मागे फिरवल्याची शंका घेऊन सर्व्हिसच्या नोंदी मागवाव्यात.

पाथर्डीकर :
सर्वांचे आभार. आता दोन गाड्या समोर आहेत. एक 2017 ची सिटी सीव्हीटी (ऑटोमॅटिक), 58,000 किलोमीटर, किंमत सहा लाख चाळीस हजार. दुसरी 2018 अखेरची मॅन्युअल सियाझ, 71,000 किलोमीटर, सहा लाख दहा हजार. दोन्ही पहिल्याच मालकाच्या आहेत, मात्र सिटीच्या मागील दोन वर्षांच्या सर्व्हिसच्या नोंदी मिळत नाहीत.

सिन्नरफाटा :
सीव्हीटीचे आयुष्य ऑइल वेळेवर बदलण्यावर अवलंबून असते, आणि नेमकी तीच नोंद जर नसेल, तर कमी किलोमीटरच्या आकड्याला फारसा अर्थ उरत नाही. सियाझ घ्यावी, आई-वडिलांच्या दृष्टीने मागे पाय ठेवायला जागाही तिच्यात भरपूर आहे. सिटीकडेच मन ओढत असेल, तर 2017-18 मधील काही सिटींचा इंधन पंप कंपनीने 2024 च्या रिकॉलमध्ये (सदोष भागासाठी गाड्या परत बोलावून) विनामूल्य बदलून दिला आहे. या गाडीला तो लागू होता का, हे चासी क्रमांकावरून कळेल.

सियाझ पाहायला सकाळी इंजिन थंड असताना जावे आणि विल्होळीच्या बाजूला महामार्गावर चालवून क्लच घसरतो का ते पाहावे. 71,000 ला क्लच प्लेट, सस्पेन्शनचे बुश आणि बहुधा टायर यांचा खर्च जवळ आलेला असतो, म्हणून पहिल्या वर्षासाठी इंधन आणि विमा सोडून 50,000 रुपये बाजूला ठेवावेत, आणि तेवढ्याच आधारावर किंमत पाच लाख ऐंशी हजारांपर्यंत उतरवण्याचा आग्रह धरावा.