पोलीस-फायरच्या रेडिओ लायसन्सवरचं एफबी२, एमओ, ११के२एफ३ई वाचायचं कसं? (न्यू जर्सी)

नवखा_स्कॅनर:
नमस्कार मंडळी. मध्य न्यू जर्सीत राहतो. गराज सेलमध्ये एक जुना ॲनालॉग स्कॅनर (दुसऱ्यांचे रेडिओ ऐकायचं यंत्र) मिळाला, तेव्हापासून नाद लागलाय. एफसीसीच्या (अमेरिकेचं दूरसंचार खातं) यूएलएस या लायसन्स शोधायच्या साइटवर आमच्या टाऊनशिपचं नाव टाकलं तर एकाच लायसन्सवर डझनभर फ्रिक्वेन्सी निघाल्या. काही १५४-१५५ मेगाहर्ट्झच्या आसपास, बाकी ४८२ ते ४८८ मध्ये. सगळ्या स्कॅनरमध्ये भरल्या. फायरच्या एकीवर पेजिंगचे (जवानांना बोलावायचे) टोन आणि पत्ता ऐकू येतो, पोलिसांकडे मात्र चिडीचूप. लायसन्स तर 'ॲक्टिव्ह' दिसतंय, मुदतही बरीच शिल्लक आहे. शिवाय प्रत्येक ओळीपुढे एफबी२, एमओ, एफएक्स१ असलं काहीतरी आणि त्यापुढे ११के२एफ३ई, ८के१०एफ१ई. कुणी उलगडून सांगेल का? आणि पोलीस बोलतात तरी कुठे?

तारायंत्र:
'ॲक्टिव्ह' या शब्दावर अजिबात जाऊ नका. लायसन्स दहा वर्षांचं असतं, सरकारी संस्थांना फी माफ, त्यामुळे मुदत संपत आली की ऑफिसातलं कुणीतरी नूतनीकरण करून टाकतं. सातबाऱ्यावर ज्वारी आणि शेतात ऊस, तसला प्रकार. तिथे बोलायची परवानगी आहे एवढंच त्या कागदावरून कळतं.

तुमच्या ४८२-४८८ चं प्रकरण तर खास आपल्या भागातलं आहे. हा टी-बँड, म्हणजे ४७० ते ५१२ मेगाहर्ट्झ. मुळात टीव्हीची जागा, पण न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, शिकागो, लॉस एंजेलिस अशा ११ महानगरांच्या आसपास त्यातले काही चॅनेल रेडिओवाल्यांना दिलेत. ४८२-४८८ म्हणजे टीव्हीचा चॅनेल १६. २०१२ मध्ये काँग्रेसने (इथल्या संसदेने) कायदा करून हा पट्टा पोलीस-फायरकडून काढून लिलावात घालायचं ठरवलं आणि एफसीसीने तिथले नवे अर्ज गोठवले. आता असं बघा, नवं मिळणार नाही म्हटल्यावर हातातलं कोण सोडेल? वापर असो नसो, लायसन्स सांभाळून ठेवायचं. २०२० च्या डिसेंबरात काँग्रेसनेच ते कलम रद्द केलं, पण तोवर बऱ्याच जणांनी बिऱ्हाड ७०० मेगाहर्ट्झवर हलवलं होतं. तुमचे पोलीसही गेले असणार असा माझा दाट संशय आहे. काउंटीच्या नाहीतर राज्याच्या सिस्टीमवर गेले की ते त्यांच्या लायसन्सखाली बोलतात, टाऊनशिपच्या नावावर काही दिसत नाही. म्हणून टाऊनशिपचं नाव टाकून शोधणं सोडा. काउंटी निवडा आणि सर्व्हिस कोड टाका: पीडब्ल्यू म्हणजे पब्लिक सेफ्टीचे साधे चॅनेल, वायडब्ल्यू म्हणजे ट्रंक सिस्टीम (मोजके चॅनेल सगळ्यांत वाटून वापरायची पद्धत), आणि ७०० मेगाहर्ट्झवरच्या ट्रंकसाठी एसवाय.

आता अक्षरं. एफबी२ म्हणजे रिपीटर, सेटचं बोलणं पकडून पुन्हा पाठवणारा. ऐकायची फ्रिक्वेन्सी हीच, तो उंचावरून मोठ्या ताकदीने ओरडत असतो. नुसतं एफबी म्हणजे रिपीटर नसलेलं साधं बेस स्टेशन. एमओ म्हणजे गाडीतले आणि कमरेचे सेट, शेजारी किती सेटना परवानगी आहे तो आकडा. एफएक्स१ म्हणजे डिस्पॅचरच्या (कंट्रोल रूममधल्या माणसाच्या) टेबलावरचा सेट, जो रिपीटरच्या इनपुटवर, म्हणजे रिपीटर ऐकतो त्या फ्रिक्वेन्सीवर बोलतो. तो भरून हाती काही लागत नाही. एफएक्सओ हे दोन ठिकाणांमधले जोड-दुवे, त्यांचंही तेच.

टी-बँडमध्ये इनपुट आणि आउटपुटमध्ये ३ मेगाहर्ट्झचं अंतर असतं. म्हणजे ४८३ च्या आसपास एफबी२ दिसला तर त्याच आकड्यात ३ मिळवून एक एमओची ओळ सापडेल. ती स्कॅनरमध्ये कशाला अडवून ठेवता, पोलिसांची गाडी तुमच्या गल्लीत आली तरच तिथे काही कानावर पडेल. मात्र खुद्द एफबी२ च्याच फ्रिक्वेन्सीवर एमओ लिहिलेला असेल तर रिपीटरशिवाय सेट-टू-सेट बोलायचीही मुभा आहे. आगीच्या जागी फायरवाले हे हमखास करतात. मी आमच्या गावच्या फर्स्ट एड स्क्वॉडमध्ये बरीच वर्षं व्हॉलंटियर होतो. तळघरात शिरलं की रिपीटर बिचारा काय करणार, सगळे सेट-टू-सेटवर.

११के२एफ३ई: रुंदी ११.२ किलोहर्ट्झ, एफ म्हणजे एफएम, ३ म्हणजे ॲनालॉग, ई म्हणजे आवाज. तुमच्या जुन्या स्कॅनरला हे चालतं. २०के०एफ३ई म्हणजे जुना रुंद एफएम. १५० ते १७४ आणि ४२१ ते ४७० मध्ये तो १ जानेवारी २०१३ पासून बंद झाला, टी-बँडला त्यातून सूट मिळाली, म्हणून आपल्याकडे अजून दिसतो. ८के१०एफ१ई म्हणजे पी२५, पोलीस-फायरची डिजिटल पद्धत. तुमच्या स्कॅनरवर हे नुसतं खरखरेल. ७के६०एफएक्सई असेल तर डीएमआर, ही दुसरी डिजिटल पद्धत. एका फ्रिक्वेन्सीपुढे ॲनालॉग आणि डिजिटल दोन्ही लिहिलेलं असतं, कारण अर्ज करतानाच दोन्ही मागून ठेवतात. वापरात कुठलं आहे ते ऐकूनच कळणार.

क्वीन्सवासी:
तारायंत्रकाका, मस्तच. फक्त एक भर. नवखे, स्कॅनर गाडीत टाकून हडसन ओलांडू नका. न्यूयॉर्क राज्यात व्हेइकल अँड ट्रॅफिक लॉचं कलम ३९७ आहे, त्यानुसार पोलिसांच्या फ्रिक्वेन्सी ऐकता येणारा सेट परवानगीशिवाय गाडीत बसवणं किंवा तशी गाडी जाणूनबुजून वापरणं गुन्हा आहे. हॅम (हौशी रेडिओ) लायसन्स असलेल्यांना सूट आहे. मी हॅमची टेक्निशियन परीक्षा दिली त्याचं निम्मं कारण हेच. घरात बसून उघडं प्रसारण ऐकायला संघराज्याच्या कायद्याची आडकाठी नाही. ऐकलेल्यातून स्वतःचा फायदा काढणं आणि एन्क्रिप्शन फोडणं, या दोन्हींच्या वाटेला जाऊ नका.

नवखा_स्कॅनर:
काका, तुम्ही म्हणालात तसं काउंटी निवडून एसवाय शोधलं. काउंटीच्या नावावर ७६९ ते ७७५ मध्ये भरपूर फ्रिक्वेन्सी आहेत! पण एकच फ्रिक्वेन्सी चार-पाच वेगवेगळ्या टॉवरपुढे लिहिली आहे. यादी चुकली आहे का? आणि पोलिसांची नेमकी कुठली?

तारायंत्र:
यादी बरोबर आहे, याला सायमलकास्ट म्हणतात. सगळे टॉवर एकाच वेळी एकाच फ्रिक्वेन्सीवर तेच बोलतात. तुमच्या अँटेनाला दोन टॉवर सारख्याच ताकदीने मिळाले की सिग्नल एकमेकांत कालवतात आणि साधा डिजिटल स्कॅनर शब्द गिळतो. दुकानदार तुम्हाला मोठी अँटेना विकायला बघेल. घेऊ नका, त्याने उलट आणखी टॉवर कानात येतात. लोकेशनच्या पानावर अक्षांश-रेखांश आहेत, त्यावरून जवळचा टॉवर कुठल्या दिशेला ते काढा आणि त्याच बाजूच्या खिडकीत छोटी अँटेना ठेवून बघा. युनिडेनचे एसडीएस१०० आणि एसडीएस२०० मुळात याच दुखण्यावर काढलेले आहेत, पण किंमत बघून घरी आधी परवानगी काढावी लागेल. स्वस्तातला आरटीएल-एसडीआर डोंगल लॅपटॉपला लावून एसडीआरट्रंक हे सॉफ्टवेअर चालवलंत तरी सुरुवातीला पुष्कळ.

पोलिसांची म्हणून वेगळी फ्रिक्वेन्सी नसते. ट्रंकमध्ये कंट्रोल चॅनेल ज्याला जो रिकामा असेल तो देतो, ओळख टॉकग्रुपच्या (बोलणाऱ्यांच्या गटाच्या) नंबरावरून. आणि टॉकग्रुप लायसन्सवर नसतो. साध्या चॅनेलचा पीएल टोन (बोलण्याखाली चालणारा ओळखीचा टोन) नसतो, पी२५ चा एनएसी (तसाच डिजिटल कोड) नसतो, एन्क्रिप्शन आहे की नाही हेही नसतं. कोड ८के१०एफ१ई च राहतो, मग आत कुलूप असो वा नसो. ते सगळं स्वतः ऐकत बसून वहीत टिपायचं.

पुणेरी_अँटेना:
मधेच विचारतो. आपल्याकडे भारतात अशी यादी कुठे बघायला मिळते? भाचा अमेरिकेहून येतोय, त्याला स्कॅनर आणायला सांगू का?

तारायंत्र:
मुळीच नको. वायरलेस यंत्र नुसतं जवळ बाळगायलाही भारतात १९३३ च्या कायद्यापासून परवाना लागत आलाय, आणि २०२३ च्या टेलिकम्युनिकेशन्स ॲक्टनेही ती अट ठेवली आहे. भाच्याला विमानतळावर कस्टमसमोर का उभं करता? हौस असेल तर एएसओसीची (हॅम परवान्याची) परीक्षा द्या, हॅमवर या.

नवखा_स्कॅनर:
डोंगल मागवला. तोवर जुन्या स्कॅनरवर फायरची १५४ वाली ऐकतोय, पण तिच्यावर मधूनच दुसऱ्याच कुठल्या तरी गावाचं डिस्पॅच घुसतं. लायसन्स तपासलं तर त्याच फ्रिक्वेन्सीवर दोन काउंटीपलीकडच्या एकांचंही नाव आहे.

तारायंत्र:
व्हीएचएफवर, म्हणजे तुमच्या १५४ च्या पट्ट्यात, एक फ्रिक्वेन्सी लांबलांबच्या दोघांना देतात, हवा फिरली की दोन्ही ऐकू येतात. स्कॅनरला टोन सर्च असेल तर तो चालू करा, तुमच्या गावचं डिस्पॅच आलं की दिसेल तो पीएल टोन त्या चॅनेलला लावून टाका. दुसरं गाव आपोआप गप्प होईल.